पोकळा निवडताना

दारात भाजी निवडत बसलेल्या आईने त्या दिवशी हाक मारली, “जरा बघ गं, पानांवर अळी नाही ना?” मांडीवर पोकळ्याची जुडी होती. हिरव्या पानाच्या पाठीवरची हिरवी अळी जन्मभर जिच्या नजरेतून सुटली नाही, ती आई पान डोळ्यांपाशी नेऊन पुन्हा खाली ठेवत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं आम्ही धरून चाललो.

शेजारच्या काकूंनी गाजराचा रस सांगितला. आईने तो चार महिने नेमाने घेतला, रोज सकाळी ग्लासभर. नजर सुधारली नाही.

जळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, पडदा पाहिला आणि विचारलं, “शुगर किती वर्षांपासून आहे?” बारा वर्षांपासून. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरत होत्या, मध्यभागी सूज आली होती. आईचा मधुमेह घरात सगळ्यांना ठाऊक होता. त्यासाठी दरवर्षी डोळ्याचा पडदाही तपासून घ्यायचा असतो, हे मात्र कोणी मनावर घेतलं नव्हतं. ते चार महिने मला अजून टोचतात.

गाजराचा लौकिक खोटा नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की पडद्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुरेसं तयार होत नाही आणि अंधुक उजेडात दिसेनासं होतं. म्हणून तर १९७० पासून आपल्याकडे लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देतात. आता पहिला नवव्या महिन्यात, गोवराच्या लशीबरोबर, आणि पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. पण शरीरात ते पुरेसं असलेल्या माणसाची नजर गाजराने वाढत नाही. त्यात रस गाळला की चोथा जातो आणि साखर रक्तात लवकर उतरते.

केळी तर आमच्या दारचीच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी नेहमीच्या केळ्यात, ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते बीटा कॅरोटीन अगदी थोडं असतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ जेम्स डेल यांनी पापुआ न्यू गिनीतल्या केळीचं जनुक घेऊन युगांडाच्या मुलांसाठी नारिंगी गराचं केळं तयार करायला घेतलं.

आपल्याकडे ते काम पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला करतात. बीटा कॅरोटीनबरोबर या पानांत ल्युटीनही असतं. शरीर ते स्वतः बनवत नाही. जेवणातून आलेलं ल्युटीन पडद्याच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यात साठतं आणि निळ्या प्रकाशाचा मारा सोसतं. ही द्रव्यं तेलात विरघळणारी, त्यामुळे लसणाच्या फोडणीतलं शेंगदाण्याचं तेल नुसतं चवीपुरतं नसतं.

उतारवयात हा ठिपका झिजतो, त्यावर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने मोठे अभ्यास केले. २००१ च्या निष्कर्षांत, मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या गोळ्यांनी सुमारे २५ टक्के घटला. २०१३ च्या अभ्यासानंतर त्यातलं बीटा कॅरोटीन वगळून ल्युटीन घेतलं गेलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. ताटातल्या पालेभाजीला ती भीती नाही. मोतीबिंदू मात्र त्या गोळ्यांनीही टळला नाही.

आईला डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. घरातलं ताटही बदललं. रस बंद झाला, भात कमी झाला, कळण्याची भाकरी मोजून आणि तिच्याबरोबर वाटीभर पालेभाजी. तीन महिन्यांची सरासरी साखर हळूहळू उतरली, पडद्याची सूज ओसरली. गेलेलं सगळं परत आलं नाही. पुढची घसरण तेवढी थांबली.

परवा बाजारातून जुडी आणली. आई उजेडाकडे तोंड करून बसली, एकेक पान उलटं करून पाहत. एक पान तिने बाजूला काढलं. त्यावर अळी होती. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट करून तिने मला विचारलं, “जळगावला पुढच्या महिन्यात कितव्या तारखेला जायचंय?”