सुरगाण्याचे बांडगूळ

वणी मागे पडली, सप्तशृंगीचा डोंगर पाठीशी राहिला आणि बोरगावाहून आमची एस्. टी. सुरगाण्याच्या वाटेला लागली. १९४८ साली विलीन होईपर्यंत सुरगाणा हे एक चिमुकले संस्थान होते. आज तो नाशिक जिल्ह्याचा, गुजरातच्या हद्दीला टेकलेला, कोकणा, वारली आणि महादेव कोळ्यांचा तालुका. माझ्या एका विद्यार्थ्याने आग्रहाने बोलावले, म्हणून फाल्गुनात दोन दिवसांसाठी गेलो होतो.

दुपारी नागलीची भाकरी खाऊन अंगणातल्या आंब्याखाली खाटेवर पडलो. वर पाहतो, तो एका फांदीला आंब्याची नव्हेत अशी जाड पाने आणि नळीसारखी नारिंगी फुले!

"बांडगूळ आहे, गुरुजी," विद्यार्थ्याचे वडील म्हणाले.

मी दचकलो. हा शब्द माझ्या फार ओळखीचा. शिकत असता पाच वर्षे मी नाशकात मामांकडे राहिलो. एकदा महिनाअखेरीला, डबे खडखडू लागले असता, मामी शेजारणीजवळ माझ्याविषयी हाच शब्द बोलून गेली. मी दाराआड होतो. पुढे नोकरी लागली, बिऱ्हाड झाले. पण त्या घराची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

"नुसती पाने ओरबाडून भागत नाही," ते सांगत होते, "फांदीत रुतलेले असते ते. फांदीच तोडावी लागते."

खरे आहे. बांडगुळाचे मूळ मातीत जात नाही. ते सालीतून लाकडात शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. पण त्याची पाने हिरवी. उन्हात ते आपले अन्न आपणही शिजवते. म्हणजे परजीवी खरे, पण अर्धेच. कुंपणावरची पिवळी अमरवेल याच्या पुढे गेलेली. आधार सापडताच तिचे मूळ सुकते. पानांचे तर नुसते खवले उरले आहेत. आयते मिळू लागले, की पिढ्यान् पिढ्या अवयव झडत जातात. फुलझाडांत ही परान्नाची वाट निरनिराळ्या काळी सुमारे बारा वेळा स्वतंत्रपणे निघाली, असे शास्त्रज्ञ मानतात. मर्यादा एकच: यजमान वाळला, की पाहुणाही वाळतो.

इतक्यात अंगठ्याएवढा फुलटोच्या आला. तो बांडगुळाचे फळ गिळतो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर टाकतो. शिंजीर फुलांतला मध पितो आणि पराग नेतो. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास कोकणात या सोयरिकीचा अभ्यास केला होता.

"मग ही फांदी का ठेवलीत?" मी विचारले.

"दोन तोडल्या, ही ठेवली. पाखरे येतात. झाड जुने आहे, सोसते."

सोसते! त्या शब्दाने मी गप्प झालो. पाच वर्षे दोन्ही वेळचे ताट त्याच मामीने वाढले होते. मी शब्द तेवढा जपला, अन्न विसरलो. बांडगूळ निदान पाखरांना मध देते.

परतताना त्यांनी पायलीभर नागली बांधून दिली. नाशकात उतरलो आणि पाय आपोआप मामांच्या गल्लीकडे वळले. दार मामीनेच उघडले. केस पांढरे झाले होते. क्षणभर तिने पाहिले, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "उन्हाचा आलास. हातपाय धू, पान वाढते."