किनाऱ्याला लागणे

गोगलगायीसारखा घरकोंबडा प्राणी दुसरा नाही. घर पाठीवर घेऊनच ती हिंडते! पण ग्लॉकस नावाचा तिचा एक समुद्रातला भाऊबंद आहे. त्याने आपला शंख बालपणीच टाकून दिला. लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर. रंग मात्र पैठणीने हेवा करावा असा निळा आणि रुपेरी.

अटलांटिक, पॅसिफिक आणि आपला हिंदी महासागर, एवढा याचा वाडा! हवेचा बुडबुडा पोटात घेऊन स्वारी पाण्याच्या पृष्ठभागाशी उलटी तरंगते. निळे पोट आभाळाकडे, रुपेरी पाठ तळाकडे. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ते पाणी वाटावे, खालच्या माशाला उजेड. आणि खाणे कसले? तर पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर पोरांना डंख करणारी ती विषारी 'ब्लू बॉटल'! तिला खाऊन तिच्याच डंखाच्या पेशी हा आपल्या बोटांसारख्या अवयवांच्या टोकांत साठवतो. शेजाऱ्याचे कुलूप काढून आपल्या दाराला लावावे, तसे!

बदलीच्या नोकरीत माझी सात बिऱ्हाडे झाली. दर दिवाळीला आईचा प्रश्न एकच असे, "अरे, तुझी नौका किनाऱ्याला कधी लागणार?" ग्लॉकसची हकीकत कळल्यापासून तो प्रश्न बोचेनासा झाला आहे. वारा नेईल तिकडे तो सुखाने जातो. आणि वाऱ्याने एखाद्या दिवशी खरेच किनाऱ्याला लावले, की वाळूवर पडून मरतो.