जकात नव्हे, हक्क

घरातला कमावता माणूस गेला की आपल्या समाजात मदतीचे हात लगेच पुढे येतात. आमचे थोरले भाई 41व्या वर्षी अचानक अल्लाहला प्यारे झाले, तेव्हाही आले. तीन दिवस शेजाऱ्यांनी जेवण पोहोचवले. एका नातेवाइकांनी जकातीची रक्कम देऊ केली. भाभी इद्दतीत होत्या. त्यांनी आम्हा भावंडांना बोलावून एवढेच विचारले, "यांनी 14 वर्षे कारखान्यात घाम गाळला. त्यातले काहीच उरले नाही का?"

तेव्हा आम्ही भाईंच्या पगाराच्या पावत्या शोधून काढल्या. दरमहा 12 टक्के भविष्य निर्वाह निधीसाठी कापले जात होते. तेवढाच वाटा मालकाचा. त्यातला काही भाग 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातो. नोकरीत असताना कामगार वारला, तर विधवेला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत पेन्शन मिळते. एका वेळी दोन मुलांना वयाच्या 25 वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन असते. शिवाय निधीशी जोडलेला विमाही असतो. त्याचा हप्ता मालक भरतो आणि रक्कम 7 लाखांपर्यंत असू शकते.

अडचण निघाली ती नावाची. नोकरीला लागताना भाईंनी अम्मीचे नाव लिहिले होते. निकाहनंतर ते नामनिर्देशन कायद्याने रद्द होते, नवे भरावे लागते. ते राहून गेले होते. घरात कुजबुज सुरू झाली. अम्मींनीच ती थांबवली. "पैसा कुणाच्याही नावावर येवो, घास या लेकरांचा आहे," त्या म्हणाल्या. निधी कुटुंबीयांत सारखा वाटला गेला. अम्मींनी आपला हिस्सा नातवंडांच्या नावे ठेवला. पेन्शनला मात्र वाटणी नसते. ती थेट भाभींची.

भाभींच्या सह्या आम्ही घरीच घेतल्या. मृत्यूचा दाखला, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पासबुक जोडून अर्ज दिला. काही महिने लागले, पण पेन्शन सुरू झाली. रक्कम मोठी नाही. या योजनेतली किमान पेन्शन 2014पासून 1000 रुपयेच आहे. ती वाढायलाच हवी. तरी त्या दिवशी भाभी पासबुक हातात धरून म्हणाल्या, "हे यांच्या कमाईचे आहे."

आपल्या मोहल्ल्यातले रिक्षावाले, शिंपी, फळविक्रेते या कायद्याबाहेर आहेत. 20पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांवरही तो सहसा बंधनकारक नसतो. त्यांच्यासाठी बँकेत वर्षाला 436 रुपयांत जीवन विमा आणि 20 रुपयांत अपघात विमा आहे. दोन्हींत 2 लाखांपर्यंत संरक्षण मिळते. विम्याविषयी मनात शंका असेल, तर आलिमांना विचारावे आणि मगच ठरवावे.

पण ज्यांच्या पगारातून कपात होते, त्या घरांतल्या भगिनींनी आजच शौहरांना दोन गोष्टी विचाराव्यात: निधीचा खातेक्रमांक कोणता, आणि नामनिर्देशनात नाव कुणाचे? असे विचारणे अशुभ नाही. हे कागद घरातल्या बाईलाही ठाऊक असलेच पाहिजेत.