रंग नको, बॅटरी दाखवा!

सेकंडहँड हायब्रिड म्हटलं की अख्खं ऑफिस ॲव्हरेजवर बोलतं. मी बॅटरीचं विचारते. ती गेली की पेट्रोलमध्ये वाचवलेलं सगळं एका बिलात साफ! आणि आमच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट त्याच खात्यातून जायचंय.

आधी बघा, गाडी स्ट्राँग हायब्रिड की माइल्ड? टोयोटा हायरायडर २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांत आली. माइल्डमध्ये नुसत्या मोटरवर गाडी पळत नाही. स्ट्राँगच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी, जे आधी संपेल ते. म्हणून तारीख आणि रीडिंग दोन्ही तपासा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी चेक करून घ्या.

मालक ‘कशाला उगाच?’ म्हणाला? गोड हसायचं, अन् सरळ रिक्षा पकडायची!