शस्त्रक्रियागृहाचें धुराडें

ऊंस तुटूं लागला, कीं कऱ्हाडापासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठानें जाणाऱ्या वाटसरूस गांव दिसण्यापूर्वीं गुऱ्हाळाचा धूर दिसतो. साखर कारखान्यांमुळें गुऱ्हाळें आतां पूर्वीइतकीं राहिलीं नाहींत. तरी जीं आहेत त्यांची मांडणी बहुधा जुनीच आहे. रसाची कढई, तिच्या खालीं चुलवाण, त्यांत चिपाडें सारणारा माणूस, आणि मागें उंच धुराडें. ज्या कोणा शेतकऱ्यानें पहिल्यानें असें धुराडें उभारलें त्यानें आरोग्यशास्त्राचें पुस्तक उघडलें नसेल. परंतु जाळ करावयाचा तर धुराला वाट आधीं काढून ठेवावी लागते, एवढें व्यवहारज्ञान त्याला खास होतें.

हेंच व्यवहारज्ञान, जेथें अत्यंत शिकलेलीं माणसें काम करतात त्या शस्त्रक्रियागृहांत मात्र आजही सर्वत्र पोहोंचलेलें नाहीं, असें सांगितलें तर वाचकांस नवल वाटेल. शस्त्रक्रियागृह म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें स्वच्छ भिंती, लखलखीत दिवे आणि उकळून घेतलेलीं हत्यारें उभीं राहतात. तेथें धूर कोठून येणार?

तो येतो विस्तवाच्याच एका नव्या अवतारांतून. डाग देऊन रोग बरा करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. त्या तापलेल्या शलाकेची जागा विसाव्या शतकांत विजेनें घेतली. विल्यम बोव्ही या अमेरिकन शास्त्रज्ञानें तयार केलेलें विद्युत्-यंत्र हार्वी कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें बोस्टन येथें १ ऑक्टोबर १९२६ रोजीं प्रथम वापरलें. लेखणीएवढ्या दांड्याच्या टोंकांतून वीज मांसांत शिरते. पेशींतील पाणी क्षणार्धांत उकळून पेशी फुटतात, मांस कापलें जातें, आणि तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचीं तोंडें भाजून मिटतात. रोग्याचें रक्त वांचतें आणि वैद्याचा वेळही वांचतो. आमच्याकडील दवाखान्यांत या यंत्रास 'कॉटरी' म्हणतात. त्याचे उपकार इतके आहेत कीं, त्याच्याविरुद्ध बोलणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु जेथें मांस जळतें तेथें धूर निघणारच, आणि तो टेबलाभोंवतीं वांकून उभ्या असलेल्या माणसांच्या नाकांतच प्रथम जाणार.

सातारा-सांगलीकडील ज्या घराला मिरजेच्या एखाद्या दवाखान्याची पायरी कधीं चढावी लागली नाहीं, असें घर विरळा. डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून हें गांव शस्त्रक्रियेचें तीर्थक्षेत्रच बनलें. १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलें आणि पुढें तर गल्लोगल्लीं दवाखाने झाले. अशा दवाखान्यांच्या बांकांवर आम्हींही अनेक तास काढले आहेत. दार उघडून शस्त्रवैद्य बाहेर येतात, 'सर्व ठीक झालें' म्हणतात, आणि आपण हात जोडतों. त्यांच्या मागें आंत राहिलेल्या माणसांचा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. शस्त्रवैद्याच्याही छातींत धूर जातोच, किंबहुना तो सर्वांत जवळ असतो. परंतु वैद्य बदलतात, रोगी बदलतात, आणि परिचारिका, भूल देणारे, हत्यारें पुसणाऱ्या मावशी व रोग्यास उचलणारे मामा तेथेंच असतात. दवाखान्यांत आपण यांना सिस्टर, मावशी, मामा अशीं नात्याचीं नांवें देतों. नात्याबरोबर येणारी काळजी तेवढी द्यावयाची राहून जाते.

आमच्या परिचयाच्या एक परिचारिका वीस वर्षांहून अधिक काळ हें काम करीत आहेत. या वासाचा त्रास होत नाहीं काय, असें आम्हीं त्यांना एकदां विचारलें. त्या हंसून म्हणाल्या, "पहिले दोन महिने डोकें दुखायचें, काका. मग वास यायचाच बंद झाला. आतां घरीं गेलें कीं धाकटी मुलगी माझ्या केसांचा वास घेते आणि म्हणते, आई, आज पुष्कळ ऑपरेशनें झालीं वाटतें!"

नाक हा देहाचा पहारेकरी खरा. पण एकाच चोराला रोज पाहून तो त्याला सलाम करूं लागतो. वास येईनासा झाला म्हणजे धूर नाहींसा झाला असें नव्हे. त्या धुराचा सुमारें ९५ टक्के भाग पाण्याची वाफच असते. परंतु उरलेल्या भागांत बेन्झीन, टोल्युईन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड हीं विषें आणि जळक्या पेशींचे कण असतात. १९८१ सालीं जपानांत कुत्र्याच्या जिभेच्या मांसावर प्रयोग झाला. एक ग्रॅम मांस या विजेनें जाळलें असतां निघणाऱ्या धुराची, पेशींच्या बीजद्रव्यांत बिघाड करण्याची शक्ति सहा सिगारेटींच्या धुराएवढी भरली. लेसर-किरणानें चामखिळी जाळतांना निघणाऱ्या धुरांत त्या रोगाच्या विषाणूचें बीजद्रव्य सांपडल्याचें १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. आणि १९९१ सालीं नॉर्वेंतील एका शस्त्रवैद्याच्या घशांत तसल्याच गांठी झाल्याची हकीकत वैद्यकीय मासिकांत आली.

तथापि भिववून सोडणें हा आमचा हेतु नाहीं. अमेरिकेंतील परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणींत, शस्त्रक्रियागृहांत वर्षानुवर्षें काम केलेल्यांना फुफ्फुसाचा कर्करोग अधिक होतो असें आढळलें नाहीं. हें २००७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें सांगितलेंच पाहिजे. परंतु कर्करोग होत नाहीं म्हणून डोळ्यांची आग, घशाची खवखव, खोकला आणि डोकेदुखी हीं सुखें ठरत नाहींत. दुसऱ्याच्या फुफ्फुसांत काय जावें याची कसोटी 'मरण येत नाहीं ना?' एवढीच ठेवणें हें सुसंस्कृत समाजाला शोभत नाहीं.

कोणी म्हणेल, या सर्वांच्या तोंडाला पट्टी असतेच कीं! येथेंच लोकांची मोठी गैरसमजूत आहे. ती पट्टी मुळांत वैद्याच्या तोंडांतील तुषार रोग्याच्या जखमेंत पडूं नयेत म्हणून आली. तिचें काम रोग्याचें रक्षण हें. बांधणाऱ्याचें रक्षण तिच्याकडून व्हावें ही अपेक्षाच चुकीची. विजेच्या धुराचे कण सरासरीनें ०.०७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें चौदा हजाराव्या भागाएवढे असतात. सैल पट्टीच्या कडेनें ते खुशाल आंत शिरतात. चेहऱ्यास घट्ट बसणारा 'एन-९५' मुखवटा पुष्कळ कण अडवितो, पण विषारी वायु त्यालाही अडत नाहींत.

खरा उपाय गुऱ्हाळवाल्याचाच: धूर निघतो तेथेंच त्याला पकडावा. त्यासाठीं धूर ओढून घेणारें यंत्र आहे. त्याच्या नळीचें तोंड जखमेपासून सुमारें दोन इंचांवर धरावें लागतें. आंतील गाळणी ०.१२ मायक्रॉनचे कणही शेंकडा ९९.९९९ अडविते, आणि वायूंसाठीं कोळशाचा थर असतो. छतांतून खेळणारी हवा चांगली असली तरी तेवढ्यावर भागत नाहीं. नळी हातभर दूर ठेवली तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत धूर पोटांतच सांठतो आणि झडप उघडतांच एकदम बाहेर येतो. तेथेंही गाळणी लावतां येते. २०२० सालच्या साथींत या धुराची चर्चा जगभर झाली. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यानें तर २०१८ सालींच असें यंत्र वापरण्याचा कायदा केला, आणि इतर अनेक राज्यांनीं त्याचा कित्ता गिरविला.

मग अडतें कोठें? यंत्राचा आवाज होतो, नळी हाताच्या आड येते, गाळण्या वरचेवर बदलाव्या लागतात व त्यांना पैसे पडतात. हीं कारणें खोटीं नाहींत. पण त्यांच्या मागें एक जुनी समजूत उभी आहे. सेवा म्हटली कीं सेवकानें सोसलेंच पाहिजे, अशी ती समजूत. चुलीच्या धुरानें आजीचे डोळे लाल झाले तरी 'संसार म्हटला कीं धूर आलाच' असें म्हणणारे आपलेच लोक. जो त्याग माणूस आपण होऊन पत्करतो त्याला आमचा नमस्कार असो. परंतु ज्यांना हातांतील पगारासाठीं उभें राहावें लागतें, त्यांच्यावर न विचारतां लादलेल्या सोसण्याला त्याग म्हणणें ही स्वतःची सोय पाहणें आहे.

आणि शस्त्रवैद्यकाचा इतिहासही या समजुतीच्या बाजूनें साक्ष देत नाहीं. लिस्टरनें १८७१ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळीं कार्बोलिक ॲसिडचे तुषार हवेंत उडविण्याची रीत सुरू केली. ते सर्वांच्या हातांना व श्वासाला बाधत. पुढें त्याची निरुपयोगिता पटतांच १८९० सालीं त्या थोर पुरुषानें ती रीत आपण शिफारसली याची खंत जाहीरपणें बोलून दाखविली. त्याच सुमारास अमेरिकेंत हॅल्स्टेड या शस्त्रवैद्याच्या हाताखालील कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधानें सोलवटून निघाले. हॅल्स्टेडनें तिच्यासाठीं रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. आज रोग्याचें रक्षण करणारे म्हणून जे हातमोजे जगभर वापरतात, त्यांचा जन्म असा एका परिचारिकेच्या हातांची कळवळ वाटल्यामुळें झाला. सेवकाला जपण्यांत रोग्याचें नुकसान होत नाहीं, एवढें यावरून दिसून यावें.

आमच्या भागांत दवाखान्यांस देणगी देण्याची चाल चांगली आहे. वडिलांच्या स्मरणार्थ बांक, आईच्या स्मरणार्थ थंड पाण्याची टांकी, अशा पाट्या आपण ठिकठिकाणीं वाचतों. ज्या घरचें माणूस टेबलावरून सुखरूप उठून आलें असेल त्या घरानें पुढील खेपेस विश्वस्तांस एवढेंच विचारावें, कीं 'तुमच्या थिएटरांत धूर ओढण्याची सोय आहे काय, आणि ती रोज चालवितां काय?' नसेल तर त्या एका यंत्राला, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे वर्षभराच्या गाळण्यांना, पैसे द्यावे. यंत्राला देणगी मिळते. गाळणीला मिळत नाहीं, आणि मग यंत्र कोपऱ्यांत धूळ खात बसतें. त्या देणगीची पाटी बाहेरच्या कोणाच्या नजरेस पडणार नाहीं. पण एखाद्या सायंकाळीं एखादी सिस्टर घरीं जाईल, आणि तिच्या मुलीला आईच्या केसांवरून दिवसभरांत किती ऑपरेशनें झालीं तें ओळखतां येणार नाहीं.