चाळिशीच्या उंबरठ्यावर शिक्षणाचे कर्ज

आपल्या वस्त्यांना कर्ज नवे नाही. मंगल परिणयासाठी कर्ज निघते, आजारपणासाठी निघते, घरावर पत्रे टाकायला निघते. दर आठवड्याला फायनान्सवाला गल्लीत येऊन बसतो आणि आयाबाया रांगेने हप्ता भरतात. त्याबद्दल कोणी कोणाला ‘कशासाठी?’ म्हणून विचारीत नाही. पण दोन मुलांच्या आईने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी शिकण्यासाठी कर्ज काढले म्हटल्यावर मात्र सर्वांनाच प्रश्न पडतात. गेल्या तीन वर्षांत हे प्रश्न आम्हाला इतक्यांनी विचारले की, त्यांची उत्तरे एकदाच लिहून काढावीत असे ठरविले. आमच्यासारख्या विचारात असलेल्या एखाद्या घराला त्यांचा उपयोग झाला तर बरेच आहे.

आम्ही नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत. राहणार जळगाव. आमच्यातला ‘तो’ डाळमिलमध्ये आवक-जावकीचा कारकून आहे. ‘ती’ ए.एन.एम. झालेली, म्हणजे आपण जिला नर्सबाई म्हणतो ती. तालुक्यातल्या उपकेंद्रात ती चौदा वर्षे कंत्राटी आरोग्यसेविका होती. लसीकरण, बाळंतपणे, घरोघरच्या भेटी, नोंदवह्या, सगळे तिने केले. पण कागद मात्र अकरा-अकरा महिन्यांचा. बारावीनंतर तिला जी.एन.एम.च करायचे होते. तेव्हा वडिलांनी हात जोडले. कमी दिवसांत कमाईला लागता येईल म्हणून ए.एन.एम. झाले आणि पुढचे राहून गेले.

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, तिची ड्युटी कोविड केंद्रात लागली. तिथे अधिपरिचारिका आणि ए.एन.एम. एकाच वॉर्डात, एकाच पी.पी.ई. किटमध्ये घामाघूम होऊन काम करीत होत्या. कामात फरक थोडा, पगारात आणि मानात फार. त्या दिवसांत तिने घरी पहिल्यांदा विचारले, “मी आता शिकले तर?”

चौकशी केली तेव्हा एक गोष्ट कळली, ती आमच्या अनेक भगिनींना माहीत नसावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत जी.एन.एम.च्या प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे. पण ए.एन.एम. झालेल्या बाईला ही वयाची अट नाही. दार उघडे होते, आपण पाहिले नव्हते एवढेच. २०२२ साली धुळ्याच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिला प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ. जळगावहून धुळे एस.टी.ने एरंडोल-पारोळ्यावरून नव्वद किलोमीटरच्या वर. रोज ये-जा करून वॉर्डातल्या पाळ्या सांभाळणे शक्य नव्हते. म्हणजे नोकरी सोडायची, वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे.

वस्तीत बातमी पसरली. शेजारच्या आजी अहिराणीत म्हणाल्या, “या वयमा शिकीसन काय करशी, बाई?” त्यांच्या बोलण्यात माया होती. भावकीतल्या एकाने जे म्हटले ते मात्र टोचले. म्हणाले, “मुलगी बारावीला आहे. कर्ज काढायचेच तर लेकीसाठी काढा. आईचे शिकून काय होणार?” या प्रश्नाकडे पुन्हा येऊ.

कर्ज का लागले, ते आधी सांगतो. शिक्षण शुल्काची शासनाची सवलत मिळाली. पण वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, इतर शुल्क, प्रवास हे सारे त्या सवलतीबाहेर. ‘स्वाधार’ योजनेत राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आमचे दोघांचे मिळून महिना तेहतीस हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ९६ हजार. तिची कमाई शिकायला जाताच बंद होणार होती. पण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो. घरातला पैसा आज आटतो, कागदावर तो पुढेही वाहत राहतो. असा हा पेच.

हिशेब केला तर वर्षाला ऐंशी हजार, तीन वर्षांचे २ लाख ४० हजार लागत होते. एका बँकेत गेलो. साहेबांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, “विद्यार्थिनी कुठे आहे? तिला बरोबर आणायचे ना.” ती म्हणाली, “विद्यार्थिनी मीच.” साहेब गोंधळले. मग म्हणाले, या वयात शैक्षणिक कर्ज बसत नाही. आम्ही दोन दिवसांनी माहिती काढून पुन्हा गेलो. इंडियन बँक्स असोसिएशनने बँकांना जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना घालून दिली आहे, तिच्यात विद्यार्थ्याच्या वयावर बंधन नाही. चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, स्वतःचा हिस्साही भरायचा नाही. विवाहित विद्यार्थ्याचा सहकर्जदार म्हणून नवरा किंवा बायको चालते. हे आम्ही शांतपणे सांगितले आणि ‘नाही म्हणायचे असेल तर लेखी द्या’ अशी विनंती केली. नकार लेखी आला नाही. पाचव्या फेरीला मंजुरी आली.

आता कर्जाचा खरा हिशेब. तो वहीत मांडल्याशिवाय कोणी सही करू नये, म्हणून इथे मांडतो. सोपे जावे म्हणून व्याजदर दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबलेले नसते! ते सरळव्याजाने चढत असते. पहिल्या ऐंशी हजारांवर चार वर्षांचे ३२ हजार, दुसऱ्या ऐंशी हजारांवर तीन वर्षांचे २४ हजार, तिसऱ्यावर दोन वर्षांचे १६ हजार. एकूण ७२ हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याआधीच २ लाख ४० हजारांचे ३ लाख १२ हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीत याचा हप्ता सुमारे ४,१२० रुपये बसतो. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेले तर मूळ रक्कम २ लाख ४० हजारच राहते आणि हप्ता सुमारे ३,१७० वर येतो. शिवाय असे व्याज भरणाऱ्याला बँक दरात एक टक्क्यापर्यंत सूट देऊ शकते, हे मागून घ्यावे.

आम्ही व्याज भरायचे ठरविले. पहिल्या वर्षी महिन्याला साडेसहाशे-सातशे, तिसऱ्या वर्षी दोन हजार. त्यासाठी तो रविवारी एका किराणा व्यापाऱ्याच्या वह्या लिहू लागला.

मुदतीचाही विचार केला. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता हलका होतो. पण पहिला हप्ता तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आणि शेवटचा अठ्ठावन्नाव्या वर्षी. शासकीय नोकर ज्या वयात निवृत्त होतो त्या वयापर्यंत ही बाई फीचेच पैसे फेडत राहणार! वीस वर्षांच्या पोराने कर्ज काढले तर त्याच्यापुढे सारे आयुष्य असते. उशिरा शिकणाऱ्याजवळ ती वर्षे नसतात. म्हणून आम्ही दहाच वर्षे घेतली.

आणि एक आकडा बँकेच्या कागदावर कुठेच नसतो. तिचा महिन्याचा पगार अठरा हजार. छत्तीस महिन्यांचे ६ लाख ४८ हजार. हे बुडाले. म्हणजे कर्ज २ लाख ४० हजारांचे, पण घराने घातलेले प्रत्यक्षात नऊ लाखांच्या घरातले. राज्य शासनाच्या सरळ भरतीत मागासवर्गीयांना वयाची मर्यादा ४३ वर्षे. ती बेचाळिसाव्या वर्षी पास होणार. म्हणजे सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेसाठी तिच्या हातात एखादी भरती, फार तर दोन. ते जमले नाही तर खाजगी दवाखाना. आणि खाजगीत पगार सात-आठ हजारांनी वाढला तरी नऊ लाख भरून यायला नऊ-दहा वर्षे जातील. हे सर्व माहीत असताना आम्ही सही केली.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, ती अंगुत्तर निकायात आहेत. प्रामाणिकपणे मिळविलेले धन असणे, त्याचा उपभोग घेता येणे, कोणाचे ऋण नसणे आणि निर्दोष आचरण. तिसऱ्याला ‘अनणसुख’ म्हटले आहे. ऋणातून व्याज, व्याजातून तगादा आणि तगाद्यातून बंधन ही साखळीही तिथेच दुसऱ्या सुत्तात सांगितली आहे. आपल्या आजा-पणजांनी ती सावकाराच्या ओट्यावर भोगली. म्हणून कर्जाची भीती ही आपली भेकडगिरी नाही, ती अनुभवातून आलेली आहे. पण सिगालाला उपदेश करताना तथागतांनीच सांगितले की कमाईचा एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत, एक भाग अडचणीसाठी ठेवावा. आम्ही याचा अर्थ आमच्यापुरता असा घेतला की, खाऊन-वाजवून संपणाऱ्या गोष्टीसाठी ऋण नको. हातात कसब देणाऱ्या कामासाठी, मोजून, घेता येते.

बाबासाहेबांचे उदाहरण लोक आम्हाला देतात. ते पूर्ण द्यावे. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, पण त्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली बडोद्यात डोके टेकायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली. पुढे संस्थानने त्या पैशाचा तगादा लावला. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी ते २९ वर्षांचे होते, संसारी होते. इतके आपण सांगतो. पुढचे सांगत नाही. स्वतः ओझे वाहिलेल्या या माणसाने आपल्या मुलांसाठी कर्ज मागितले नाही, शिष्यवृत्ती मागितली. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हॉईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी ती मागणी केली, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणून शिष्यवृत्ती हा हक्क आहे आणि कर्ज हा शेवटचा दरवाजा आहे. शिष्यवृत्ती उशिरा येते, उत्पन्नाची मर्यादा तोकडी आहे, याविरुद्ध बोलायचे सोडून ‘बँक आहे ना’ म्हणणे हे बाबासाहेबांच्या मार्गाने जाणे नव्हे.

आणि ते लंडनला असताना माता रमाईने परळच्या चाळीत जे सोसले, तेही या हिशेबात धरावे. एकाच्या शिक्षणामागे घरातल्या दुसऱ्याचा खांदा असतोच. फक्त तो नेहमी बाईचाच का असावा? आमच्या घरी तीन वर्षे भाकरी त्याने थापल्या. पहिले सहा महिने त्या नकाशासारख्या व्हायच्या. मुलाने त्यांत गुजरात आणि राजस्थान ओळखले. सासूबाई आधी नाराज होत्या. नंतर शनिवारी सून यायची वेळ झाली की त्याच ओट्यावर बसून एस.टी.ची वाट पाहू लागल्या.

आता तो मघाचा प्रश्न. लेकीचे काय? मुलीला पुण्याला जाऊन शिकायचे होते. तिने स्वतःच सांगितले, “आई, आधी तू पुरे कर. मी बी.एस्सी. इथेच करते.” ती जळगावच्या कॉलेजात शिकते आहे, चांगली शिकते आहे. पण तिने जे सोडले ते आम्ही फुकटचे धरत नाही. वहीत तिच्या नावाचे वेगळे पान आहे. पुढे एम.एस्सी.साठी तिला जिथे जायचे असेल तिथे ती जाईल. आधी शिष्यवृत्तीवर, आणि कमी पडले तर या वेळी सहकर्जदार म्हणून सही आईची असेल. आईचे शिकून काय होणार, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हेच आहे.

२०२५ च्या अखेरीस तिचा अभ्यासक्रम संपला. हप्ता सुरू व्हायला वर्ष आहे. सरकारी जागा मिळेल की नाही, हे आज सांगता येत नाही. अनणसुख अजून अकरा वर्षे लांब आहे. पण अकरा महिन्यांच्या कागदावर आयुष्य काढणाऱ्या बाईच्या हातात आता असे कसब आहे, ज्याची मुदत संपत नाही.

ज्या भगिनी-बंधूंच्या मनात असे काही असेल त्यांना एवढेच सांगणे. आधी शिष्यवृत्ती आणि सवलतीची सगळी दारे ठोठवा. वयाची अट नियमात वाचा, कोणाच्या तोंडून ऐकून परत फिरू नका. बुडणारा पगार हिशेबात धरा. शेवटचा हप्ता कितव्या वर्षी संपेल, ते सहीआधी लिहून काढा. घरातल्या लहानथोरांना बसवून वही उघडी ठेवा, कारण लपविलेले कर्ज दुप्पट जड होते. आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती की, जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा उशिरा शिकणाऱ्या आयाबहिणींच्या व्याजासाठी बाजूला ठेवावा. पहिल्या वर्षी साडेसहाशे-सातशे रुपये महिना, एवढ्यात आमच्यासारखे एक घर उभे राहते.

जयभीम! नमो बुद्धाय!