वैशाखांत पाहिलेलें घर

घर विकत घेणाऱ्या माणसानें तें वैशाखांत पाहूं नये, हें शहाणपण मला आषाढांत सुचलें. वैशाखाच्या कोरड्या उन्हांत प्रत्येक भिंत सुशील दिसते; तिच्या पोटांत काय आहे हें ती मृगाच्या सरी येईपर्यंत कोणास कळूं देत नाहीं. आम्हीं आमचें घर पाहिलें तें अशाच एका सकाळीं. पुण्याच्या पश्चिमेस असलेली १७ वर्षांची चार मजली इमारत आणि तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील तीन खोल्या. विकणारे गृहस्थ वयानें वडील, बोलण्यांत मृदु, आणि मुलाकडे परगांवीं कायमचे जावयास निघालेले. त्यांनीं आम्हांस पन्हें दिलें. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता व त्याचा वास खोल्यांत रेंगाळत होता. "नव्या माणसाला घर स्वच्छ मिळावें, म्हणून देऊन टाकला," असें ते म्हणाले. आणि अशा सज्जनाशीं व्यवहार होत असल्याबद्दल मीं परत येतांना पत्नीपाशीं समाधान व्यक्त केलें.

घर पाहिलें म्हणजे आम्हीं काय पाहिलें? पत्नीनें ओट्याची दिशा पाहिली. माझीं पुस्तकांचीं कपाटें कोठें मावतील तें मीं पावलांनीं मोजलें. माझे मेहुणे अशा प्रसंगीं जाणते म्हणून बरोबर असतातच; त्यांनीं भिंतीवर बोटाच्या पेरानें टकटक करून "बांधकाम भक्कम आहे" असा निर्वाळा दिला. गच्चीवर जाण्याचा जिना दारासमोरच होता. त्याच्या सोळा पायऱ्या होत्या, हें मला आतां पाठ झालें आहे. पण त्या दिवशीं त्या चढून जावें असें आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आलें नाहीं. मंडईंत मेथीची जुडी घेतांना ती उलटून पाहणारीं आम्ही माणसें. जन्माची कमाई जेथें ओतावयाची, त्या घराचा माथा न पाहतांच परत आलों.

आमच्या या निष्काळजीपणास आणखी एक आधार होता, तो बँकेचा. कर्ज काढावयाचें ठरलें तेव्हां माझी अशी समजूत होती कीं, बँक एवढे पैसे देते ती घर पारखूनच देत असेल. तेव्हां तिचा होकार म्हणजे घरास मिळालेलें प्रशस्तिपत्र. बँकेच्या वकिलांनीं ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेतला. जमीन कोणाची होती, ती कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर पूर्वीचा कांहीं बोजा आहे काय, हें सारें त्यांनीं तपासलें. मूल्यमापक आले, त्यांनीं खोल्यांचीं मापें घेतलीं, चार छायाचित्रें काढलीं, आणि दहा मिनिटांत चहा न घेतांच ते गेले. गृहनिर्माण संस्थेनें ना-हरकत पत्र दिलें. विकणाऱ्यांकडून संस्थेस कांहीं येणें नाहीं, असें त्यांत नमूद होतें. या सर्व कागदांत घराची मालकी होती, क्षेत्रफळ होतें, किंमत होती. पाऊस मात्र कोठेंच नव्हता. याबद्दल बँकेस दोष तरी कसा द्यावा? उद्यां मीं हप्ते थकविले, तर हें घर विकून आपले पैसे वसूल होतील कीं नाहीं, एवढेंच तिला पाहावयाचें होतें. गहाण घर दिवाणी दावा न लावतां ताब्यांत घेऊन विकण्याचा अधिकार तिला २००२ च्या कायद्यानें दिलेला आहेच. सावकार तारणाकडे सावकाराच्या डोळ्यांनीं पाहतो. चूक माझी, कीं मी त्याच्या डोळ्यांवर विसंबून स्वतःचे मिटून बसलों.

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यांत निजण्याच्या खोलीच्या छतावर बशीएवढा ओलसर डाग उमटला. दुसऱ्या दिवशीं तो ताटाएवढा झाला. तिसऱ्या दिवशीं रंगाचा पापुद्रा सुटून खालीं पडला, आणि त्याखालून जुन्या ओलीचें काळें वर्तुळ दिसूं लागलें. त्या रात्रीं स्वयंपाकघरांतलीं पातेलीं आम्हीं निजण्याच्या खोलींत मांडलीं. दुसऱ्याच दिवशीं कर्जाचा हप्ता खात्यांतून वेळच्या वेळीं वजा झाला. हप्त्यास पावसाची अडचण येत नाहीं.

मी संस्थेच्या चिटणीसांकडे गेलों. गच्चीची गळती दुरुस्त करणें हें संस्थेचें काम आहे, हें त्यांनीं तात्काळ मान्य केलें. परंतु दुरुस्तीच्या निधींत पैसे नव्हते, आणि खालच्या तीन मजल्यांवरील सभासदांच्या डोक्यावर पाऊस पडत नसल्यानें नवी वर्गणी देण्यास ते राजी नव्हते. मग त्यांनीं कपाटांतून एक फाईल काढून माझ्यापुढें ठेवली. तींत गेल्या तीन पावसाळ्यांतलीं सात पत्रें होतीं. निजण्याच्या खोलींत पाणी गळतें, गच्ची दुरुस्त करावी, अशी त्यांतली विनंती. आणि प्रत्येक पत्राखालीं त्या पन्हें देणाऱ्या गृहस्थांची वळणदार सही.

तीं पत्रें घेऊन मी वकिलांकडे गेलों, तो रागानें थरथरत. त्यांनीं शांतपणें समजाविलें. घर नवें असतें तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आंत निघालेला बांधकामाचा दोष बांधणाऱ्यास कळवितां आला असता, व त्यानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा होता. आमच्या १७ वर्षांच्या इमारतीस तो दरवाजा बंद होता. राहिला तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, उलट करार नसेल तर, विकणाऱ्यास ठाऊक असलेला व घेणाऱ्यास ठाऊक नसलेला मिळकतीचा महत्त्वाचा दोष, घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही सांपडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानें तो सांगितलाच पाहिजे. न सांगणें हें कपट होय.

"त्यांना माहीत होतें, हें या पत्रांवरून सिद्ध होईल," वकील म्हणाले, "पण पत्रें संस्थेच्या कपाटांत होतीं, मागतां तर मिळतीं, गच्चीही समोरच होती, मग तुम्हीं साधारण काळजी घेतली कोठें, असें ते विचारतील. वाद वर्षानुवर्षें चालेल."

मला पुढचें ऐकूं येत नव्हतें. 'कपट' हा एक शब्द मीं पदरीं बांधून घेतला होता. घरीं येऊन तें कलम मीं पत्नीस मोठ्यानें वाचून दाखविलें. ती पातेल्यांतलें पाणी बादलींत ओतीत होती. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग आपल्या माळ्याच्या चौकटीचें काय?"

वाचकांस हें सांगावयाचें मीं आतांपर्यंत टाळलें. या घरासाठीं पैसा उभा करावा म्हणून आम्हीं आमचें पेठेंतलें दोन खोल्यांचें घर विकलें होतें. त्याच्या माळ्याच्या चौकटीस तीन वर्षें वाळवी लागलेली होती. ती काढून नवी बसविल्यावांचून उपाय नाहीं, असें सुतारानें दोनदां सांगितलें होतें. गिऱ्हाईक येऊं लागलें तेव्हां मीं त्या चौकटीस तेलरंगाचे दोन हात दिले व माळ्यापुढें गाद्यांची चळत रचून ठेवली. घेणारें जोडपें तरुण होतें. त्यांचें तें पहिलेंच घर. त्यांनीं विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें, अशी मीं माझी समजूत घातली होती. त्या गृहस्थांनींही बहुधा हीच घातली असेल.

पुढच्या रविवारीं मी त्या जुन्या घरीं गेलों. माळ्यास नवी चौकट बसलेली होती. अजून रंग न दिलेली. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो तरुण हंसला. "राहायला आलों त्याच आठवड्यांत, सामान चढवितांना, जुनी चौकट हातांत आली, काका. पण म्हटलें, तुम्हांला तरी काय कल्पना असणार?"

त्यानें माझ्यावर कपटाचा आरोप केला असता तर मला उत्तर देतां आलें असतें. माझ्या सज्जनपणाविषयींची त्याची खात्री मात्र मला सोसवेना. "मला माहीत होतें," मी म्हणालों. त्याची पत्नी चहाचे पेले घेऊन येत होती, ती दारांतच थांबली. क्षणभर कोणी बोललें नाहीं. सुताराचे पैसे मीं पुढें केले. तो नको म्हणाला, मग त्यानें ते घेतले. निरोप घेतांना त्यानें मला पुन्हां 'काका' म्हटलें नाहीं.

नोटिशीचा मसुदा वकिलांकडे तयार आहे. तो मीं मागें घेतलेला नाहीं. छत गळतेंच आहे, आणि त्याचा खर्च माझ्या पश्चात्तापानें भागणारा नाहीं. पण ती धाडण्यापूर्वीं मीं त्या गृहस्थांस स्वतःच्या हातानें एक पत्र लिहिलें. त्यांत आधीं माझ्या माळ्याची हकीकत लिहिली, मग त्यांच्या सात पत्रांची. आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च त्यांनीं सोसावा, अशी विनंती केली. वयोवृद्ध माणसास 'कपट' हा शब्द माझ्या हातून लिहवला नाहीं. पंधरा दिवस वाट पाहीन, असें शेवटीं लिहिलें.

कोणी घर घेणार असेल, तर त्यानें गच्चीवर चढावें, संस्थेचा पत्रव्यवहार मागावा, आणि शक्य तर घर भर पावसांत पाहावें. जो विकणार असेल, त्यास मी काय सांगूं? त्याला आपला माळा ठाऊकच असतो.

आज बारावा दिवस आहे. पोस्टमन येऊन गेला. पातेलीं अजून खोलींतच आहेत.